आज विरोध कुणाकडे?

पूर्वी बाईंनी वर्गाला काहीही विचारले, की वर्ग एका सुरात ‘हो, बाई’ म्हणत असे. प्रश्न ठरलेला असे: ‘कळलं ना?’ त्या शेवटच्या इवल्याशा ‘ना’मध्येच उत्तर आधी शिजवून ठेवलेले असते, हे ध्यानात यायला बाईंना पुष्कळ काळ जावा लागला. ध्यानात आले त्या दिवशी त्यांनी तो ‘ना’ जिभेवरून हद्दपार केला. ‘कळलं का?’ असे विचारून पाहिले. उत्तर तेच आले. ‘काय कळलं?’ असे विचारले, तेव्हा मात्र सगळा वर्ग आपापल्या बाकावरच्या रेघोट्यांत काहीतरी हरवले असावे तसा खाली पाहू लागला.

बाई भाषा शिकवीत. त्यांचे स्वतःचे शिक्षण जुन्या शास्त्रपद्धतीने झालेले होते. मनुष्याला लाभलेल्या देण्यांत वाणी ही सर्वांत पवित्र, आणि ती निव्वळ होकार देण्यात खर्च करणे हा तिचा अवमान, अशी त्यांची श्रद्धा होती. जुने पंडित वादाला बसत तेव्हा त्यांचा एक दंडक असे. प्रतिपक्षाचे खंडन करण्यापूर्वी त्याचे म्हणणे, म्हणजेच पूर्वपक्ष, त्याच्याहूनही नेटकेपणाने आपण मांडायचे. समोरच्याने ‘हेच’ असे म्हटले, तरच पुढे आपली हरकत उच्चारायची. ‘हे नाही’ म्हटले, तर पुन्हा पहिल्यापासून मांडायचे. दुसऱ्याच्या मनात शिरून आल्याखेरीज त्याला विरोध करण्याचा अधिकार मिळत नाही, हा त्यामागचा भाव. बाईंनी हा दंडक वर्गात आणला आणि मुख्याध्यापकांकडून आठवड्यातला एक तास चर्चेसाठी मागून घेतला.

पहिले काही तास निःशब्द गेले. अखेर बाईंनी मनाविरुद्ध एक तडजोड केली. बोलणाऱ्याला त्यांनी गुण ठेवले. आणि हरकत घेणे अधिक कठीण, म्हणून हरकतीला दुप्पट.

मग वर्ग बोलू लागला. आणि असा बोलू लागला, की बाजूच्या वर्गातले शिक्षक दाराशी येऊन उभे राहत. एक जण पक्ष मांडी, दुसरा उठून तोच पक्ष सुबकपणे पुन्हा सांगे, पहिला ‘हेच’ म्हणे, दुसरा हरकत घेई, तिसरा दोहोंचा मेळ घाली. कुणी कुणाचे वाक्य तोडत नसे. बाई खुर्चीत बसून ऐकत आणि त्यांचे डोळे आपोआप मिटत. उतारवयात एखादी उपासना फळाला यावी, तसे त्यांना वाटे.

हा तास आता जायच्या बेतात होता. गणिताचे निकाल घसरले होते. सरावासाठी जादा तास हवा म्हणून गणिताचे सर टपून बसले होते, आणि शिक्षणखात्याचे तपासनीस स्वतः तास पाहून निर्णय देणार होते.

“बाई, आज वर्ग नेहमीसारखा बोलला की झालं,” मुख्याध्यापक सकाळी म्हणाले होते. “तास राहतो. नाहीतर मला तो गणिताला द्यावा लागेल. माझे हात बांधलेले आहेत.”

“वर्ग बोलेल,” बाई म्हणाल्या. त्याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

तपासनिसांसाठी मांडलेल्या टेबलाचा रंग उडाला होता. त्यावर घालायला कापड हवे, म्हणून मधल्या सुट्टीत बाई स्वतःच मागच्या जिन्याने वर गेल्या. जिना गच्चीच्या बंद दाराशी संपे, आणि त्या दारालगत अडगळीची एक खोली होती. जुने नकाशे, मोडके बाक आणि नाटकांचे पडदे बाजूला सारून त्यांनी एक निळे कापड शोधून काढले, झटकले, आणि त्या बाहेर आल्या. तोच खालच्या वळणावरून त्यांना आपल्याच वर्गातल्या मुलांचे आवाज ऐकू आले. बाईंनी हाक मारली असती. परंतु पहिलेच वाक्य असे होते, की त्यांचा पाय पायरीवर थबकला.

“आज विरोध कुणाकडे?”

हा आवाज वकिलाचा होता. हे नाव त्या मुलाला वर्गाने दिलेले. त्याला वेळ विचारली तरी तो आधी मुद्दे मांडी.

“गोगलगायीकडे,” एका मुलीने सांगितले. ती अंगाने बारीक आणि बोलण्यात टोकदार, म्हणून तिला सारे सुई म्हणत. “मागच्या खेपेला मी केलाय.”

“मला नको रे,” गोगलगाय म्हणाला. तो मुलगा प्रत्येक शब्द जणू दुसऱ्या खोलीतून आणून देई. “आज फळा पण माझ्याकडे आहे. फळा आणि विरोध एकाच दिवशी... म्हणजे फारच झालं.”

सगळे हसले.

“अरे, सोपं आहे,” वकील म्हणाला. “विषय काय, सत्य नेहमी सांगावं का. मी म्हणतो, सांगावं. तू उठायचंस, माझं म्हणणं परत सांगायचंस. मी म्हणणार, हेच. मग तू म्हणायचंस, डॉक्टर रोग्याला सगळं सांगतो का? मग सुई उठणार, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मग बाई डोळे मिटतात. मग घंटा.”

“आणि डोळे मिटायचं काम कुणाकडे?” कुणीतरी विचारले.

“ते कायम बाईंकडेच!”

जिना हास्याने दणाणला. बाई वर उभ्या होत्या. हातातले कापड कधी छातीशी धरले, ते त्यांना कळले नाही. फळा पुसण्याची पाळी असते, पाणी भरण्याची पाळी असते. विरोधाचीही पाळी असते. सरलेल्या साऱ्या वर्षातली चर्चा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, आणि तिच्यातले प्रत्येक ‘हेच’ त्यांना आता निराळे ऐकू आले. ज्याला त्या वाणीची आराधना समजत होत्या, ती नाटकाची तालीम होती. आणि त्या नाटकात त्यांची स्वतःची भूमिकासुद्धा, त्यांना न विचारता, ठरवून टाकलेली होती.

खाली हसणे ओसरले, तेव्हा सुईचा आवाज आला. तो हसण्याचा नव्हता.

“मी नाही म्हणणार आज दोन्ही बाजूंत तथ्य आहे.”

“का? तुझंच वाक्य आहे ते.”

“तू आत जाऊन सत्य नेहमी सांगावं म्हणणार, आणि ते पण ठरवून, गुणांसाठी. तुला काहीच वाटत नाही?”

“वाटून काय करू? लोणचं घालू?”

“बाईंना सांगून टाकू या.”

मग एकच गलका उडाला. कोण काय म्हणतो, तेही कळेना. वेड लागलंय हिला. आज? तो माणूस मागे बसलेला असताना? तास जाईल. बाईंचं हसं होईल. त्यांचं वय काय, तू बोलतेस काय! मोठी आली हरिश्चंद्राची आत्या!

“तुला ना, मोठेपणा मिरवायचाय,” वकील म्हणाला.

“थांब,” सुई म्हणाली. “आधी माझं म्हणणं सांग. मग बोल.”

“हे काय आता? बाई नाहीयेत इथे.”

“नसू देत. सांग.”

“बरं. तुझं म्हणणं असं, की खोटं बोलणं वाईट.”

“हे नाही. परत.”

“तुझं म्हणणं... आपण पकडले जाऊ.”

“हे नाही.”

बाई कठड्यावरून किंचित खाली वाकल्या.

“तुझं म्हणणं,” वकील सावकाश म्हणाला, आणि त्याचा नेहमीचा खणखणीत स्वर उतरला, “असं, की आपण बाईंना खूष ठेवतो, म्हणजे एखाद्या लहान मुलाला ठेवतो तसं. त्यांना खरं झेपणार नाही, हे आपणच ठरवून टाकलं. त्यांना न विचारता. आणि वर म्हणतो, त्यांच्या भल्यासाठी.”

“हेच,” सुई म्हणाली.

“अरेच्चा!” वकील म्हणाला. मग जरा थांबून, “मग आता माझी हरकत कुठे राहिली?”

“राहिली नसेल तर नको घेऊस.”

“पण मला एक म्हणायचंय,” गोगलगाय म्हणाला, आणि आश्चर्य असे, की सगळे गप्प झाले. “सांगितलं तर तास जाईल. मी शाळेत... त्या तासाला बोलतो तेवढंच बोलतो. तुम्ही वाक्यं देता म्हणून. तास गेला तर मी कुठे बोलू?”

“आत्ता बोलतोयस की, बावळटा,” सुई म्हणाली. आणि हा शब्द इतक्या मायेने उच्चारता येतो, हे बाईंनी प्रथमच ऐकले.

घंटा झाली. सांगायचे की नाही, ते ठरलेच नव्हते. चपलांचा आवाज खाली उतरत गेला.

बाईंना पहिला धक्का बसला होता, त्याहून हा दुसरा खोल होता. ज्या गोष्टीसाठी त्यांनी तास मागितला, दंडक आणला, गुण ठेवले, ती गोष्ट खरोखर घडत होती. एका मुलाने दुसरीच्या मनात शिरून पाहिले होते, आणि परत येताना तो स्वतःचे मत तिथेच ठेवून आला होता. आणि हे सारे बाईंच्या पाठीमागे, बाई तिथे नव्हत्या म्हणूनच घडले होते.

वर्गात मागच्या भिंतीशी तपासनीस आणि मुख्याध्यापक बसले होते. टेबलावर बाईंनी निळे कापड अंथरले, फळ्यावर विषय लिहिला आणि खुर्चीत बसल्या.

वकील उठला. सत्य नेहमी सांगावे, असे त्याने मांडले. परंतु वाक्ये त्याच्या ओठांवर अडखळत होती. गोगलगायीने ते पुन्हा सांगितले. “हेच,” वकील म्हणाला, खाली मान घालून. डॉक्टर आले, रोगी आला. तपासनीस मान डोलवीत होते. मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहून किंचित स्मित केले. आता सुईची पाळी होती.

सुई उठून उभी राहिली आणि बोलेना. तिने सरळ बाईंकडे पाहिले. तिच्या ओठांवरचे वाक्य बाईंना अक्षरशः ठाऊक होते. त्यांनी नुसती प्रोत्साहनाची मान हलवली असती, तरी ते वाक्य बाहेर पडले असते. तास वाचला असता. बाईंचे डोळे मिटू पाहत होते. त्यांनी ते उघडे ठेवले.

“बस,” त्या म्हणाल्या. “आज विरोध माझ्याकडे आहे.”

वकील सुईकडे पाहू लागला. गोगलगायीने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

“मधल्या सुट्टीत मी जिन्यावर होते,” बाई म्हणाल्या. “अडगळीच्या खोलीपाशी. मी सगळं ऐकलं. ऐकायला नको होतं, पण ऐकलं. तुम्ही जे इथे बोलता ते ठरवून बोलता, हे मला आज कळलं. आणि तुम्ही जे तिथे बोललात, ते मी या वर्गात एकदाही ऐकलेलं नाही.”

“बाई,” मुख्याध्यापक अर्धवट उठत म्हणाले, “हे आपण नंतर...”

“नंतर नाही, सर. साहेब हाच तास पाहायला आलेत.”

तपासनिसांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. ते सभ्य गृहस्थ होते, परंतु अशा प्रसंगाची तजवीज त्यांच्याकडे नव्हती. “म्हणजे ही सगळी... पाठांतरं आहेत? मग बाई, मला वाईट वाटतं, पण अशा तासाचा उपयोग काय? हा तास बंद करणंच बरं.”

“आपलं म्हणणं मी खोडणार आहे,” बाई म्हणाल्या. “पण आमच्याकडे एक दंडक आहे. आधी आपलं म्हणणं इथल्या कुणीतरी नीट मांडायचं. आपण ‘हेच’ म्हणालात, की मग मी बोलेन. कोण मांडेल?”

सुई अजून उभीच होती. “मी,” ती म्हणाली.

तिने क्षणभर डोळे जमिनीकडे लावले, आणि मग तपासनिसांकडे पाहून बोलू लागली.

“साहेबांचं म्हणणं असं आहे, की या तासाला चर्चेचा तास म्हणतात, पण चर्चा इथे होत नाही. ती जिन्यात होते. जिन्यात गुण नाहीत, मागे कुणी बसलेलं नाही, म्हणून तिथे आम्हाला जे वाटतं ते बोलतो. इथे गुण आहेत, म्हणून बाईंना जे आवडतं ते बोलतो. म्हणजे हा तास आम्हाला चर्चा शिकवत नाही, चर्चेचं सोंग शिकवतो. आणि सोंग जितकं छान, तितके गुण जास्त. गणितात निदान उत्तर चुकलं, तर ते चुकलं असं तरी कळतं. इथे आमचं कधी चुकतच नाही. म्हणून हा तास बंद करावा.”

“हेच,” तपासनीस म्हणाले. “म्हणजे, मी एवढा विचार केला नव्हता. पण मला म्हणायचं असतं, तर हेच.” मग ते बाईंकडे वळले. “आपलं उत्तर?”

बाईंनी तोंड उघडले. उत्तर असणार, अशी त्यांची खात्री होती; आयुष्यभर उत्तरे त्यांच्याकडे आपण होऊन चालत आली होती. त्यांनी एक वाक्य मनात जुळवले, ते त्यांनाच पोकळ लागले. दुसरे जुळवले. सुई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. तिच्या नजरेत जिंकल्याचा लवलेश नव्हता, उलट बाईंनी आता काहीतरी बोलावे अशी उघडीनागडी विनवणी होती. तिने बाईंच्या तासाच्या विरोधात बाईंच्याच दंडकाने इतका निर्दोष पक्ष मांडला होता, की त्यात बोट शिरायला फट राहिली नव्हती.

“माझ्याकडे उत्तर नाही,” बाई म्हणाल्या. “ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याने मान्य करावं. मला मान्य आहे.”

तास गणिताला गेला.

संध्याकाळी घरी बाईंचे यजमान खिडकीशी बसून वाचत होते. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतरही हातात पेन्सिल घेतल्याशिवाय त्यांना पान उलटता येत नसे.

“तास गेला,” बाई म्हणाल्या.

“कुणी घालवला?”

“मीच. म्हणजे एका मुलीनं. माझ्याच नियमानं.”

“मग शिकवलंस की नीट.”

“थट्टा नको हं.”

“थट्टा कसली? आपल्या घरात विरोध कायम तुझ्याकडे असतो, आणि होकार माझ्याकडे, पण मी कधी गुण मागितले नाहीत.”

बाई हसल्या. मग एकाएकी गंभीर झाल्या. “अहो, काही आवडलं की मी डोळे मिटते, हे तुम्हाला माहीत होतं?”

“म्हणजे काय? मी वाचून दाखवतो तेव्हा मिटतेस की. म्हणून तर मी...” ते थांबले. पेन्सिलीचे टोक न्याहाळू लागले.

“म्हणून काय?”

“म्हणून, तू मिटणार नाहीस असं काही वाचतच नाही तुझ्यापुढे,” ते म्हणाले. “कशाला उगीच?”

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. यजमानांनी हे मायेने केले होते, यात शंका नव्हती. मुलांनीही मायेनेच केले होते. आपल्या भोवती इतकी माया होती, आणि तिच्यातून एकही खरा शब्द आपल्यापर्यंत आला नाही, हे त्यांना आता दिसले. “उद्या,” त्या हळूच म्हणाल्या, “मला न आवडेल असं काहीतरी वाचा.” यजमान घाबरून त्यांच्याकडे पाहू लागले.

पुढच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, बाई मागच्या जिन्यापाशी आल्या. वरून आवाज येत होते. त्या मुद्दाम पाय वाजवीत चढल्या, तसे आवाज एकेक करून विझले.

“काही काम होतं, बाई?” वकिलाने उठत विचारले.

“नाही. तुमचं चालू दे. मला... बसायचं होतं. बसू का?”

वकील लगबगीने रुमालाने पायरी झटकू लागला. “बसा ना बाई, बसा!”

“थांब,” सुई म्हणाली. “आधी ठरू दे.”

“अगं, बाई आहेत त्या! काय ठरवायचंय?”

“म्हणूनच. त्यांनी विचारलंय ना, बसू का? म्हणजे ‘नाही’ पण म्हणता यायला हवं. माझं विचारशील तर बसू देत. गुण तर आता नाहीतच. कुणाची हरकत?”

बाई खालच्या पायरीवर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत कुठल्या दाराशी त्या अशा ताटकळल्या नव्हत्या. आणि त्यांना राग येत नाही, याचेच त्यांना नवल वाटले. कुणी हरकत घेईल, असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

“माझी आहे,” गोगलगाय म्हणाला.

सगळे चकित होऊन त्याच्याकडे वळले. बाईंना तर कुणीतरी हातातला दिवा मालवल्यासारखे झाले. ‘तास गेला तर मी कुठे बोलू’ म्हणणारा हाच मुलगा; तास गेल्याची खंत त्यांना होती, ती याच्यासाठीच.

“बाई बसल्या तर,” तो म्हणाला, “मी नाही बोलणार.”

“का रे?” वकील उसळला. “बाई काय खातात तुला?”

“त्याचं म्हणणं आधी मांडायला हवं,” सुई म्हणाली. “कोण मांडतं?”

“मी मांडू?” बाईंनी विचारले.

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. सुईने मान हलवली.

बाईंनी शब्द जुळवले. “तुझं म्हणणं असं,” त्या म्हणाल्या, “की तुला माझी भीती वाटते.”

गोगलगायीने विचार केला. बाईंना दुखवू नये, एवढ्यासाठी तो क्षणभर ‘हेच’ म्हणून मोकळा होतो की काय, असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले. मग त्याने नकारार्थी मान हलवली.

“नाही, बाई. हे नाही.”

बाईंना वाटले होते, की आपण ते अचूक ओळखले आहे. त्यांनी कठड्यावर हात टेकवला आणि त्या मुलाच्या तोंडाकडे, जणू ते आजवर पाहिलेच नव्हते, तशा पाहू लागल्या.

“सावकाश सांगा, बाई,” तो म्हणाला. “घंटेला वेळ आहे अजून.”